एकमताने निवडून आलेले गुरुजी

दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत भामरागडकडे निघालेल्या एका मतदान पथकाबरोबर वर्तमानपत्राने मला पाठवले. कामगिरी सोपी होती. रानातली माणसे लोकशाही शिकत आहेत असे पाहून यायचे आणि तसे लिहायचे. मथळा आधीच ठरलेला होता.

केंद्राध्यक्ष चांद्याच्या एका कचेरीतले हेडक्लार्क होते. जंगलात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जंगलाविषयी त्यांची मते पक्की होती. आमच्या बाजूला गोंडी फक्त मतदानाच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींना येत होती. गुरुजी मूळ चांद्याचे. काही वर्षांपूर्वी ते चुकून या गावी नेमले गेले होते आणि चूक दुरुस्त करण्याची खात्यात पद्धत नव्हती. बायको-मुले चांद्यात. मतदान सुरळीत पार पडले तर गुरुजींच्या बदलीसाठी साहेब वर शब्द टाकणार होते. गुरुजींनी घरी तसे कळवूनही टाकले होते.

शाळेच्या खोलीत पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, पेटीवर त्याचे चिन्ह. चिठ्ठी ज्याच्या पेटीत पडेल त्याला मत. सगळ्यांना अंगणात बसवून साहेबांनी सांगितले, "देश कोणी चालवायचा, हे आज तुम्ही ठरवणार आहात." गुरुजींनी ते गोंडीत सांगितले. गावाला ते खरे वाटले. शिकलेल्या माणसांकडून अशी चूक होत नाही.

सगळे उठले आणि समोरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले.

"हे काय? बहिष्कार?" साहेब घाबरले.

"नाई साहेब, ठरवून राह्यले," गुरुजी म्हणाले. "सगळ्यायचं एक झाल्याशिवाय इथी काही होत नाई. एक जण जरी नाई म्हणाला, तरी सगळे बसतात."

"आणि तो शेवटपर्यंत हो म्हणालाच नाही तर?"

"त बसतातच."

साहेबांनी झाडाखाली जाऊन बहुमत समजावून सांगितले. गावच्या पटेलाला जंगलखात्याच्या कामामुळे मराठी येत होती. त्याने विचारले, "मंग हरले ते काय करतात?"

"पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसतात."

"एवढे दिवस आमच्यात कोणी गप्प बसत नाई जी."

दुपारपर्यंत एकच म्हातारी अडून राहिली. तिचे बोलणे गुरुजी मराठीत सांगत होते.

"ती म्हणते, पेटीवाल्या माणसाले कोणी पाह्यलं?"

"आलापल्लीपर्यंत सभेला आले होते, म्हणावं."

"ती म्हणते, मंग त्याले आलापल्लीनं निवडावं."

साहेबांनी घाम पुसला. म्हातारी बोलतच होती.

"ती म्हणते, मुख्य चुकला त त्याच्या दारात जाऊन शिव्या देता आल्या पाह्यजेत. दिल्लीचं दार कुठी आहे? ती म्हणते, तिनं एका माणसाले शिव्या देल्या होत्या, पोराले मारलं म्हणून. त्यानं ऐकून घेतल्या. मंग कोणत्याच पोराले मारलं नाई. त्याले..." गुरुजी थांबले.

"त्याला काय?"

"त्याले देश द्या म्हणते."

"कोण हा?"

गुरुजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी, साहेब."

झाडाखालच्या माना हलल्या. देशाचा प्रमुख एकमताने ठरला. त्याने भाषण केले नव्हते, आश्वासन दिले नव्हते आणि तो उमेदवारही नव्हता. तो आधी गोंडीत आणि मग मराठीत ओरडत होता, "अरे भाऊ, मले नाई पाह्यजे! मले घरी जायचं आहे!"

"मले पटेल केलं तवा मी नदीवर लपलो होतो," पटेल शांतपणे म्हणाला. "ज्याले पाह्यजे त्याले आमी देतच नाई."

यानंतर मतदान अत्यंत शिस्तीत झाले. प्रत्येकाने बोटाला शाई लावून घेतली, चिठ्ठी घेतली आणि ती गुरुजींच्या हातात दिली. पडद्याआड कोणीही गेले नाही. सगळी मते बाद ठरवून साहेबांनी पेट्या रिकाम्याच परत नेल्या.

या पद्धतीत उणिवा आहेत, हे मान्य केले पाहिजे. सभा होणार नाहीत, जीपगाड्या लागणार नाहीत, वर्तमानपत्रांना जाहिराती मिळणार नाहीत. पोलीस मात्र जास्त लागतील, कारण देशातली सगळी लायक माणसे नद्यांवर लपलेली असतील आणि त्यांना धरून आणावे लागेल. सध्या लायकी आपल्या पायांनी दारात येते. ही सोय सोडवत नाही.

साहेबांनी वर शब्द टाकला, पण तो झाल्या प्रकाराच्या अहवालाचा होता. शिक्षणखात्याने तो काळजीपूर्वक वाचला असावा. गावाचा इतका विश्वास मिळवलेल्या शिक्षकास तेथून हलविणे सार्वजनिक हिताचे नाही, असे गुरुजींच्या बदलीच्या अर्जावर उत्तर आले.

पावसाने तिकडचे रस्ते बंद होण्याच्या थोडे आधी गुरुजी मला चांद्याच्या मोटार स्टँडवर भेटले. बरोबर बायको आणि मुले होती. टपावर पाटा-वरवंटा चढत होता आणि बाई खालून हमालाला सूचना देत होत्या.

"बाई, तुम्हीसुद्धा निघालात?" मी विचारले.

"काय करता भाऊ? यायचा देश तिकडं, त जाणं पडते." मग त्या गुरुजींकडे वळल्या. "तुमाले नाई म्हणता येत नव्हतं काय?"

"म्हटलं ना," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच त झालं."