बिडाच्या खांबांतलं पाणी

गोंदियात आमच्या दुकानाचा पत्ता सांगणं ही डोकेदुखीच आहे. 'बिडाची इमारत' म्हटलं की समोरच्याला बिडीचा कारखाना वाटतो. मग मी समजावते, बीड म्हणजे ओतीव लोखंड. तो म्हणतो, "अच्छा, लोहे की बिल्डिंग!" आणि तरी भलत्याच गल्लीत शिरतो.

रेल्वे आल्यावर कुणा धान्याच्या व्यापाऱ्याने हे खांब, कमानी, गॅलरीचे कठडे ओतवून घेतले, सुटे भाग मालगाडीने आणले आणि इथे बोल्टांनी जोडले, एवढंच वडील सांगत. खांबांच्या पायाशी उठावाची अक्षरं आहेत, पण दर दिवाळीला रंगाचे थर चढून ती वाचता येत नाहीत. खांब सडपातळ असल्यामुळे समोर भिंत अशी नाहीच. दुपारी दिवा न लावताही साडीचा खरा रंग दिसायचा.

दिसायचा. कारण नंतर माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात शोरूम शिरलं.

दुकान आम्ही दोघं मिळून चालवतो. मी कुडव्याहून स्कूटीने येते, तोवर त्याने शटर उघडलेलं असतं. त्या दिवशी आले तर दोन कारागीर खांबांभोवती चकचकीत चंदेरी शीटची पेटी ठोकत होते. खाली मिस्त्री ग्रॅनाइट बसवत होता.

"दादा, खांब पोकळ आहेत," मी म्हटलं. "गच्चीचं पाणी यांच्यातूनच खाली येतं. पायाशी भोकं आहेत, ती बुजवू नको."

"पोकळ खांबावर इमारत उभी राहते का कधी?"

"राहिली ना एवढी वर्षं!"

"तू काऊन डोकं खाऊन राहिली? गिऱ्हाईक खांब पाहाले येते का?"

लहानपणी पावसात आम्ही दोघंही त्या खांबांना कान लावून आतली खळखळ ऐकत असू. मी आठवण करून दिली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी रचून सांगत होते. कारागिरांसमोर किती भांडणार? भोकं बुजली, रुंद पेट्यांनी उजेड अडून दुकान काळोखं झालं, आणि भरदिवसा दिवे लागले. त्या दिव्यांत मोरपंखी साडी निळी दिसते. गिऱ्हाइकं पूर्वी कधी करत नसत ते करू लागली. साडी घेऊन रस्त्यावर जायची आणि उजेडात रंग पाहून यायची.

हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला. वरच्या मजल्यावर आमचा माल असतो. छताच्या कडेने पाणी उतरलं आणि लग्नसराईसाठी आणलेले शालू भिजले. दादाने गच्चीवर डांबर ओतवलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग त्याने डांबरवाल्याला शिव्या घातल्या आणि दुसरा आणला. मी रोज एकच सांगत होते आणि तो रोज एकच उत्तर देत होता: "तुले काय समजते त्यातलं?"

तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा मी ओल्या शालूंचा गठ्ठा गल्ल्यावर आपटला, मिस्त्रीची राहिलेली छिन्नी-हातोडी घेतली आणि कोपऱ्यातल्या खांबापाशी बसले.

"अवं, ग्रॅनाइट फुटन!" दादा धावत आला.

"फुटू दे!"

फरशीचा टवका उडाला, सिमेंट निघालं आणि गंजाचं तांबडं पाणी असं उसळलं की दादाची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत रंगली. समोरचा पानवाला उभा राहून पाहत होता. पाणी थांबेचना. दादा भिंतीला टेकून पँट पिळत होता. मला वाटलं, आता तरी म्हणेल.

म्हणाला, "बाकीचेही फोडून टाक."

झालं, एवढंच. त्या पावसानंतर वरचा माल कोरडा आहे. पेट्या मात्र त्याने काढू दिल्या नाहीत, पैसे घातलेत म्हणे. मागच्या आठवड्यात तिरोड्याकडचं एक कुटुंब लग्नाची खरेदी करायला आलं होतं. दादा त्यांना रस्त्यावर घेऊन गेला, खांबाच्या पायाशी असलेलं भोक दाखवून म्हणाला, "आमचे खांब पोकळ आहेत. सगळं पाणी आतूनच जाते. मी लहानपणापासून सांगून राहिलो, पण घरात कोणी ऐकत नाही."

मी काउंटरमागे शालूची घडी घालत होते. ती मला तीनदा घालावी लागली.