ऑडिटसाठी नाही, सेटर होण्यासाठी

“रफिकभाई, आठ तासांत साइज एकदाही हलली नाही?” मी चार्ट त्यांच्यासमोर धरला. आठही रकान्यांत एकच आकडा, एका दमात लिहिलेला.

“नाही हलली मॅडम. मशिन चांगलं आहे.”

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर गाड्यांचे शाफ्ट, म्हणजे गोल दांडे बनतात. ऑपरेटरने दर तासाला एक शाफ्ट मायक्रोमीटरने, म्हणजे केसाहून बारीक फरक दाखवणाऱ्या मापाने मोजायचा आणि आकडा चार्टवर लिहायचा. काम दोन मिनिटांचं. पण चार्ट भरला जायचा शिफ्ट सुटताना, डोळे झाकून. इकडे रोज पाच-सात शाफ्ट जाड निघून रिजेक्ट व्हायचे. का, ते कळायला मार्ग नव्हता.

मी नोटीस लावली. मीटिंग घेतली. आवाज चढवला, त्यात तर माझा हातखंडा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मेमो टाइप करून घेऊन गेले.

रफिक शेख त्या मशिनवर अकरा वर्षं ऑपरेटर. मेमो वाचून शांतपणे म्हणाले, “द्या. काय फरक पडतो? सेटरसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नाही म्हणाले. हा चार्ट तुमच्या ऑडिटसाठी आहे मॅडम. आपल्याला काय त्याचं?”

ऑपरेटर माल लावतो, बटण दाबतो. साइज बिघडली की सेटरला हाक मारतो. सेटर टूल लावतो, साइज बसवतो, आणि त्याचं ऐकतात. रफिकभाईंना ते व्हायचं होतं. आणि मी चार वर्षांत ‘ऑडिट’ सोडून दुसरं कारण त्यांना दिलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

“सेटरच्या परीक्षेत काय विचारतात?”

“साइज का सरकते, कधी सरकते.”

“आणि ते कुठे सापडेल?”

ते चार्टकडे बघत राहिले. “पण साहेब परीक्षाच घेत नाहीत ना!”

खरं होतं. परीक्षा नसेल तर माझं बोलणं म्हणजे नुसतं गाजर. मी प्लांट हेड मोरे साहेबांकडे गेले.

“सगळे सेटर झाले तर मशिन कोण चालवणार, कदम मॅडम?”

“सगळे नाही, एक. आणि परीक्षा मागतेय, प्रमोशन नाही.”

“महिनाभर चार्ट खरे दिसू देत. मग बघू.”

“बघू नाही साहेब, घेऊ म्हणा.”

बऱ्याच हुज्जतीनंतर म्हणाले एकदाचे.

तिसऱ्या आठवड्यात रफिकभाईंनी माझ्या टेबलावर चार्ट पसरले. “हे बघा. जेवणाच्या सुट्टीनंतरचा आकडा रोज जास्त. म्हणून कोणी न सांगता पुढचे सगळे पीस मी मोजले. पहिले पाच-सहा जाड! अर्धा तास बंद राहून मशिन थंड होतं. गरम झालं की साइज परत जाग्यावर. इतके दिवस आपण उगाच टूलला शिव्या घालतोय.”

महिना भरला, परीक्षा झाली. परीक्षा घ्यायला साहेबांशेजारी मीही होते. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, “साइज सरकली. आधी काय करशील?”

“घड्याळ बघीन, साहेब.”

साहेब हसले. मग रफिकभाईंनी चार्ट पुढे केले आणि साहेबांचं हसू थांबलं. एकेक कागद त्यांनी दोनदा पाहिला. आता सुट्टीनंतर मशिन आधी दहा मिनिटं रिकामं फिरवतात. रिजेक्शन जवळजवळ थांबलंय. रफिकभाईंना सेटरचं लेटर मिळालं, तेव्हा त्यांच्याहून जास्त मीच नाचले असेन.

शहाणपण शिकले म्हणून लगेच शेजारच्या मशिनवर गेले. तिथल्या भाऊसाहेबांना विचारलं, “तुम्हाला काय व्हायचंय?”

“मला काय बी व्हायचं नाय मॅडम. मला साडेतीनला सुटायचंय.”

मग म्हटलं, “अहो, मग तासातासाला लिहा की! शेवटी बसून आकडे जुळवण्यात तुमची दहा मिनिटं जातात.”

हल्ली सगळ्यात आधी त्यांचाच चार्ट माझ्या टेबलावर येतो.