सुमनच्या चिखलाच्या बरण्या

सुरतच्या आमच्या कॉलेजात किस्से कुणी ठरवून घडवले नाहीत. सुमन तोंड उघडायची आणि एक घडायचा! एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघी बॉटनीच्या डेमॉन्स्ट्रेटर. ती शेजारच्या उधन्याची, वडील मिलमध्ये, घरात अहिराणी. वेड एकच: डायनोफ्लॅजलेट. समुद्रात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव.

*

नमुने आणायला डुमसच्या खाडीवर गेलो. हेड सर काठावरूनच म्हणाले, "बेन, चिखलमां बायकांचं काम नाही. प्यून उतरशे."

सुमननं साडी खोचली. "प्रयोग माझा, तर चिखलही माझाच, सर!"

आणि गुडघाभर आत!

*

वर्गात 'पुनरुत्पादन' म्हटलं की मागचे बाक खिदळायचे. एकानं मुद्दाम विचारलं, "बेन, आ जीवोमां नर कोण ने मादी कोण?"

"पुष्कळदा दोघं सारखेच दिसतात," सुमन म्हणाली. "त्यामुळे मागं बसून कुणी हसत नाही!"

*

एकदा तिला बघायला धुळ्याहून पाहुणे आले. मीही होते. मुलाच्या आईनं विचारलं, "काय शिकाडस वं पोरी?"

"समुद्रातल्या बारीक जीवांना पोरं कशी होतात, ते."

बाईंचा कप हवेतच थांबला. "आन् लगीन?"

"एरवी एकटाच जीव दुभागतो. खायचे हाल झाले, तरच जोडी जमवतात!"

स्थळ चहा अर्धा टाकून गेलं. सुमनची आई करवादली, "खोटं बोलता येस नही का तुले?"

"सायन्समध्ये नाही येत, माय!"

*

जोडी जमली की हे जीव जाड कवच करून तळाच्या गाळात पडून राहतात. अशा गाळाच्या चार बरण्या वर्षभर लॅबच्या कपाटात होत्या.

"ए तो मरी गया. फेंकी दो," सरांचा हुकूम.

"जिवंत आहेत, सर. नाही फेकणार."

"नोकरी टेम्पररी छे, याद राखजो!"

सुमननं त्यातला थोडा गाळ समुद्राच्या ताज्या पाण्यात घालून खिडकीत ठेवला. आठवड्यानं सर तिला कामावरून काढायचा मेमो टाइप करून घेऊनच आले.  सुमननं मायक्रोस्कोपसमोर स्टूल सरकवलं.

"आधी बघा. मग सही करा."

सर वाकले. कवच तडकलं होतं. एक जीव अंग चोरत बाहेर आला आणि गिरक्या घेत पोहायला लागला. बराच वेळ सरांचा डोळा हलेना. मग मान वर न करताच ते म्हणाले, "पण परमिशन कोणाची घेतली?"

"बाहेर येताना त्यानंही कुणाला विचारलं नाही, सर!"