दस्ती टाकलेली जागा

आमच्याकडं गाडीतल्या शिटावर हक्क कुणाचा, हा प्रश्न कायद्यानं सुटत नाही, दस्तीनं सुटतो. दस्ती म्हणजे मोठा रुमाल. गाडी स्टँडात शिरली की ती थांबायच्या आत खिडकीतून दस्ती आत फेकायची. ज्या शिटावर ती पडली ते शीट आपलं. मग आपण सावकाश पान खाऊन चढलो तरी चालतं. दस्ती नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि पिशवीही नसेल तर पोटचं लेकरू खिडकीतून आत सोडतात. मी डोळ्यांनी बघितलंय. लेकरू भोकाड पसरून बसतं, पण जागा राखतं.

माझे वडील, आमचे अण्णा, या विद्येतले उस्ताद. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी, आणि बदल्या कंधार, लोहा, अहमदपूर अशा फिरत्या, त्यामुळं निम्मं आयुष्य लाल गाडीत गेलं. आता सत्त्याहत्तरीत आहेत. पंच्याहत्तरीनंतर तिकीट माफ झालं आणि आमच्या घरात गोंधळ सुरू झाला. माणूस नांदेडात राहतो आणि कटिंग करायला लोह्याला जातो. का, तर तिथल्या न्हाव्याचा हात हलका आहे म्हणे! खांद्यावर निळ्या चौकटीची दस्ती टाकली की समजायचं, निघाली स्वारी. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, गॅसपासून लाइटबिलापर्यंत सगळं मोबाइलवर उरकते. भर स्टँडात आपला बाप गाडीमागं दस्ती घेऊन पळतोय हे बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी लातूरहून आत्याचा फोन आला. आत्या अण्णांची थोरली बहीण, तिला ते अक्का म्हणतात. भावंडांमध्ये आता हे दोघंच उरलेत. मागं ती न्हाणीत घसरून पडली, तेव्हापासून पुण्याचा मुलगा तिला घेऊन जाईन म्हणत होता. अण्णा फोन ठेवून खुर्चीवर बसले ते बसूनच राहिले.

"अक्का निघाली म्हणं पुण्याला. उद्या तीनच्या गाडीनं."

"येईल की आत्या परत दिवाळीला, अण्णा."

"घर किरायानं दिलं त्यांनी. परत यायला जागा कुठाय?" मग जरा वेळानं म्हणाले, "ह्या वयात पुन्हा गाठ पडंल का न्हाई, कुणाला ठावं. उद्या तीनच्या आत मला तिथं पाहिजे, बाई."

खाजगी गाडी करू म्हटलं तर बंद काचेच्या गाडीत त्यांना मळमळतं. मग मी मोबाइल काढला आणि सकाळच्या लातूर गाडीचं रिझर्व्हेशन करून टाकलं. अकरा आणि बारा नंबर, दोन्ही शिटं शेजारी. "बघा, आता पळायचं नाही की फेकायचं नाही. राजासारखं चढायचं," असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. अण्णांनी मोबाइलकडं बघितलं आणि सकाळसाठी दस्ती धुवून वाळत घातली.

सकाळी घरापासून स्टँडपर्यंत जायला ॲटो. आमच्या शहरातला ॲटो म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मागं चौघं, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही मांड्यांना लागून दोघं, एवढी भरती झाल्याशिवाय तो हलत नाही. आम्ही बसलो तेव्हा मागं आम्हीच दोघं होतो. "बस, निकल रै, चाचा," म्हणत ड्रायव्हर अर्धा फर्लांग पुढं जायचा, वळायचा आणि पुन्हा त्याच चौकात येऊन "एक शीट, एक शीट" ओरडायचा. एक शीट म्हणत त्यानं चार भरली. मी चिडून म्हटलं, "अरे बाबा, आमची गाडी चुकेल!" तर म्हणाला, "मैडम, गाडी भी कहाँ टाइम पे आती." स्टँडवर उतरले तेव्हा माझी एक चप्पल पायात होती, दुसरी एका मावशीच्या पिशवीखाली.

ड्रायव्हरचं म्हणणं खरं निघालं, गाडी आली नव्हतीच. आली तेव्हा सगळा फलाट उठून तिच्यावर तुटून पडला. खिडक्यांमधून दस्त्या, टोप्या, पिशव्या, एक हेल्मेट, असं काय काय आत गेलं. अण्णांचा हात खांद्यावर गेला. मी तो धरला.

"अण्णा, आपलं रिझर्व्हेशन आहे."

"हाव," ते म्हणाले, पण बोटं वळवळत होती.

आम्ही राजासारखे सगळ्यात शेवटी चढलो. अकरावर एक धिप्पाड बाई बसल्या होत्या आणि बारावर त्यांची फुलाफुलांची दस्ती, तिच्यावर कोथिंबिरीची जुडी. मी मोबाइल पुढं केला. बाईंनी तो बघितलासुद्धा नाही.

"दस्ती टाकली की! दिसंना का?"

मी कंडक्टरला हाका मारल्या. तो माणसांमधून सरपटत आला, मोबाइल हातात घेतला, डोळे बारीक करून वाचला आणि मोठ्या सभ्यपणानं परत दिला. "मॅडम, तुमचं एकदम बरोबर आहे. अकरा-बारा तुमचंच. पण त्यांनी दस्ती टाकलीय ना."

मी म्हटलं, आता अण्णाच दोन शब्द सुनावतील. तर हे गृहस्थ म्हणतात, "त्यांचं बरोबर हाय. दस्ती हाय." स्वतःच्या रिझर्व्हेशनविरुद्ध साक्ष देणारा माझा बाप जगात एकटाच असेल. या साक्षीनं बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी कोथिंबीर मांडीवर घेतली आणि अण्णांना बारा नंबर देऊन टाकला. मी लोह्यापर्यंत उभी. माझ्याच शिटाच्या दांड्याला धरून!

लोह्याच्या पुढं मागच्या चाकात खिळा गेला. सगळे उतरलो. पुरुष मंडळी चाकाभोवती गोल करून उभी राहिली. आमच्याकडं पंक्चर बघायला जेवढे तज्ज्ञ जमतात तेवढे आजारी माणसाला बघायला जमत नाहीत. अण्णा मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून नांदेडच्या दिशेनं बघत होते. "किती वाजले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मागची गाडी आली ती अहमदपूरपर्यंतचीच होती, आणि फुगलेली. आम्ही तीत घुसलो, म्हणजे आम्हाला घुसवलं गेलं.

अहमदपूरला उतरताच अण्णांनी माझा हात सोडला. "आता तुझं काय ऐकायचं न्हाई," म्हणाले आणि निघाले थेट कोपऱ्यातल्या फलाटाकडं. एक गाडी नुकतीच शिरत होती. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात दस्ती. फेक अशी की काय सांगू, तिसऱ्या खिडकीतून आत, बरोबर शिटाच्या मधोमध! आम्ही चढलो, बसलो, अण्णांनी माझ्याकडं विजयानं बघितलं. मीही गप्प बसले, कारण बूड टेकलं होतं. मग कंडक्टर आला.

"लातूर," मी म्हटलं.

"ही उदगीर हाय."

लातूरची गाडी अण्णांच्या नोकरीच्या काळात त्या कोपऱ्यातल्या फलाटावर लागायची. मधल्या काळात फलाट बदलले. अण्णा नाही बदलले. आणि पाटी वाचायची पद्धत आमच्या घराण्यात नाही, मीही वाचली नव्हती. खिडकीतून बघते तर पलीकडची, खरी लातूरची गाडी फलाट सोडून मागं सरकत होती.

मी अण्णांना ओढत खाली उतरवलं. ते पळायला लागले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, "ओ डायव्हर, ओ डायव्हर" करत, दस्ती हवेत हलवत. तेव्हा मला लाजबीज काही वाटली नाही. माझी पर्स मी कुणाच्या तरी ओझ्यावर टाकली, पळत गेले आणि स्टँडच्या गेटात गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले. ब्रेक करकचून लागले. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"मरायचं का बाई?"

"मरायचं न्हाई, लातूरला जायचंय! आणि आमचे वडील चढल्याबिगर ही गाडी हलली तर बघा!"

माझ्या तोंडून अशी भाषा कॉलेजात कुणी ऐकली असती तर नोटीस निघाली असती. पण गाडी थांबली. कुणीतरी पर्स आणून दिली. कंडक्टरनं अण्णांची दशा बघून स्वतःची जागा त्यांना दिली.

बराच वेळ ते नुसते दम खात होते. मग आपणहून बोलायला लागले. आत्याचं लग्न झालं आणि ती लातूरला गेली. पंचमीला, दिवाळीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून जायचं काम अण्णांचं. आत्याला गाडीत खिडकी नसली की उलट्या व्हायच्या, सासरचं नवं लुगडं खराब व्हायचं, मग सासू बोलायची. "म्हणून मी शिकलो दस्ती टाकायला," अण्णा म्हणाले. "अक्काला खिडकी पाहिजे. बाकी मला काय, मी टपावर बसून बी गेलो असतो."

चाळीशी उलटलेल्या बाईला आपल्या बापाबद्दल ही गोष्ट अशी उभ्यानं, लोकांचे धक्के खात कळावी!

लातूरच्या स्टँडात शिरलो तेव्हा तीन वाजायला आले होते. आत्या दिसली ती भांडताना. बाकड्याच्या एका टोकाला ती बसलेली, शेजारच्या रिकाम्या जागेवर तिची नॅपकिनची घडी, आणि पुढं एक सफारी घातलेले गृहस्थ उभे. "आजी, इतक्या वेळाची रिकामीच आहे की जागा," ते म्हणत होते.

"रिकामी न्हाई. माणूस हाय हितं. येऊन राहिला."

तिनं अण्णांना बघितलं आणि नॅपकिन उचलला. अण्णा बसले. मला वाटलं आता दोघं गळ्यात पडतील, रडतील. कसलं काय.

"जेवलास का?"

"हाव. तू?"

"खाल्लं दोन घास. वाळलास की रं."

"गोळ्या घेतल्या का पिशवीत?"

"घेतल्या."

एवढंच. मग दोघं नुसते समोर बघत बसले, तिचा हात त्यांच्या मनगटावर. तिकडं माझा आतेभाऊ उत्साहात होता. "मामा, काही काळजी नको, रिझर्व्हेशन केलंय," म्हणत त्यानं मोबाइल दाखवला. अण्णांनी हळूच माझ्याकडं बघितलं. मी वर पंख्याकडं बघितलं.

"खिडकी हाय का?" अण्णांनी विचारलं.

"ते... मागं आहे जरा. चाकावर. खिडकी मिळाली नाही. पण एकदा बसलं की झालं ना, मामा."

तेवढ्यात पुण्याची गाडी वळण घेऊन आत आली. ह्या वेळी त्यांनी पाटी वाचली, मोठ्यानं, आणि उठले. हाच माणूस सकाळपासून आत्यानं जाऊ नये म्हणून मनातून देवाला हात जोडत होता, मला ठाऊक होतं. आणि तोच आता गाडीच्या बाजूनं पळत होता. मागून तरणी पोरं येत होती, त्यांच्या आधी अण्णांचा हात वर गेला. निळी दस्ती ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या खिडकीतून आत पडली.

त्यांनी आत्याला धरून चढवलं, खिडकीला बसवलं. काच अडकलेली, ती बुक्क्या मारून उघडली. पिशवी पायाशी लावून दिली. कंडक्टर यादी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "आजींचं शीट मागं आहे."

"त्यांनी दस्ती टाकलीय ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतेभाऊ दचकला. "दिसत नाही का?"

कंडक्टरनं दस्तीकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि मागं गेला. त्या खिडकीचं रिझर्व्हेशन असलेला भला माणूस आतेभावाच्या विनवणीनं चाकावर जाऊन बसला.

गाडी निघाली. आत्यानं खिडकीतून हात काढला, हातात दस्ती होती, ती द्यायला. अण्णा गाडीबरोबर चालत म्हणाले, "राहू दे. लागंल तुला." गाडी गेटातून वळली तरी ते तिथंच उभे होते, आणि माझा बाप भर स्टँडात रडत होता. पुसायला खांद्यावर काही नव्हतं.

मी त्यांना आणून त्याच बाकड्यावर बसवलं. चहा पाजला. तासाभरानं नांदेडची गाडी शिरली. फलाट उठला. अण्णा जागचे हलले नाहीत.

"अण्णा, आपली गाडी."

"हाव," ते म्हणाले, आणि बसूनच राहिले.

मग मी उठले. गळ्यातली ओढणी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या बाजूनं पळाले. कुणाला तरी कोपर लागलं, कुणी तरी काही बोललं, बोलू दे. जमेल तशी ती खिडकीतून आत ढकलली. मग परत येऊन अण्णांना उठवलं, चढवलं, खिडकीला बसवलं.

चाकूर येईपर्यंत ते बाहेर बघत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "निम्मी बाहेर लोंबत होती तुझी. अशी टाकत न्हाईत. मनगट ढिलं सोडायचं."

"शिकवा मग," मी म्हटलं. त्यांनी माझी ओढणी घेतली, मांडीवर तिची घडी घातली आणि कशी धरायची ते दाखवायला लागले.