‘आईवर सोड’ म्हणाले होते

मी आरोग्यसेविका. पनवेलजवळच्या एका उपकेंद्रात निम्मं आयुष्य गेलं, आणि एकवीरा आईची भक्ती त्याहूनही जुनी. दोन्हींत मी स्वतःला फार पक्की समजत होते, आणि माझा तोच तोरा एका लेकराला भोवला. ही हकीकत सांगितली की लोक आईच्या कृपेला हात जोडतात. माझी चूक कुणी ऐकूनच घेत नाही, म्हणून ती लिहून ठेवते.

करंजाड्याच्या पलीकडच्या गावात प्रमिलाला पहिली मुलगी झाली, तन्वी. आईबाप सावळे आणि पोर गोरीपान, केस पिंगट. सगळ्या आळीला तिचं कौतुक. लसीच्या दिवशी मीही तिला उचलून म्हटलं, "आईचा प्रसाद गं हा!" तिच्या दुपट्यांना मात्र कसला तरी कुबट वास यायचा. प्रमिलानं दोनदा विचारलं, तर मी तिलाच झापलं, "दुपटी नीट धूत जा." आठ महिन्यांची झाली तरी पोर बसेना, नजर देईना, तेव्हा प्रमिला रडत आली. मी म्हटलं, "नवस बोल आणि आईवर सोड. होईल सगळं नीट." नोंदवहीत आजाराच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलं आणि पान उलटलं. मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागली असती.

तन्वी तीन वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. प्रमिलाला पुन्हा दिवस गेले होते. एका सकाळी ती तन्वीला मांडीवर घेऊन तपासणीसाठी बसली होती. शेजारी उरणकडच्या एक वयस्कर मुसलमान बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तन्वीच्या केसांवरून हात फिरवला, जवळ वाकल्या आणि थबकल्या.

"बेटी, हिच्या अंगाला कायम असाच वास येतो का?"

प्रमिला ओशाळली. "रोज धुते मी, तरी नाय जात."

"धुण्याचा कसूर नाही गं. माझ्या पहिल्या नातवाला असाच यायचा. दुसरा कुवेतला झाला. तिथं हरेक बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, त्यात आजार कळला. वेगळं दूध दिलं, आज तो शाळेत जातो. अल्लाचं करम."

मी नोंदवहीतलं ते जुनं पान काढलं. त्याच दिवशी मी चिठ्ठी लिहिली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, अन्नातला एक घटक तन्वीच्या शरीराला पचत नाही, तो साठून मेंदूला इजा करतो. तो गोरा रंगही आजाराचाच. जन्मल्याबरोबर कळलं असतं तर आहार बदलून पोर चांगली वाढली असती. अशा दुर्मिळ आजारांसाठी सरकारचं मदतीचं धोरण आहे, हेही मला तिथंच कळलं. आमच्या उपकेंद्राच्या तपासण्यांत मात्र टाचेचं रक्त नव्हतं, आणि मी ‘इतर’ लिहिलेल्या पोरीचा पत्ता वरच्यांना कसा लागणार?

प्रमिलाला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी त्याचं रक्त पाठवलं. तोच आजार निघाला, पण वेळेत. खास दूध सुरू झालं. आज तो घरभर धावतो. दूध संपायच्या आत सरकारी मदतीचा अर्ज पुढे जावा म्हणून मी जिल्ह्याला खेटे घालते. अर्ज हातात असला की माझा नामजप जास्त मनापासून होतो. आईच्या पायावर काय ठेवायचं आणि आपण काय करायचं, हे मला उतारवयात कळलं. त्या बाई मात्र पुन्हा दिसल्या नाहीत.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला प्रमिलानं माझ्या हातावर पेढा ठेवला. "बाई, आईनंच धाडली त्या मावशीला."

मला राहवलं नाही. "प्रमिला, तन्वीचा वास मला पहिल्या महिन्यातच आला होता. चिठ्ठी मी लिहिली नाही."

तिनं पेढ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, माज्याच हाताला खोट हाय. तीन वर्सं घासली मी ती दुपटी." आणि तन्वीला माझ्या मांडीवर देऊन मुलाचं दूध करायला आत गेली.

मी पोरीला घट्ट धरून बसले. आई, त्या बाईंना पाठवलंस, तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण त्यांच्या तीन वर्षं आधी तू मला पाठवलं होतंस.