आई खाचरात हाय

"ऊठ की रं! तुमचा देव तिसऱ्या दिवशी उठतो ना? तू आत्ताच ऊठ, आमाला जेवायला जायचंय!"

आमच्या गावचे पुढारी नाना असं म्हणाले अन् सगळा गाव हसला. मी भर उन्हात तिरडीवर आडवा. अंगावर कुणाची तरी जांभळी साडी. डोक्यात करवंदीच्या काट्यांचा मुकुट. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर येशूचं चित्र हाय, ते बघून नानांनीच तो करायला लावला होता.

मी उठलो. असा उठलो की तिरडीचे बांबू कडाकडा मोडले अन् मी तोंडावर पडलो. मुद्दाम. पडलं की लोक जास्त हसतात, एवढं मला कळतं. शाळेचं तोंड नाय बघितलं, पण पडण्यात माझा पहिला नंबर. काटा कपाळात घुसला, रगत आलं. लोकांना वाटलं रंग हाय. मी बी जीभ बाहेर काढून दाखवली.

आमच्या सुरगाण्याकडं बोहाडा असतो. मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात. मधी लोक कंटाळले की हसवणारा लागतो. तो मी. पण येशूचं सोंग आजवर कुणी काढलं नव्हतं. ते मी काढलं. मी स्वतः ख्रिस्ती असून.

का काढलं? तर आई खाटेवर होती. पोटात गाठ. नाशिकच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिचं एकच मागणं, "मला जाळू नको. गावाच्या मसणवट्यात पूर अन् वर क्रूस लाव. देव मेलेल्यांना उठवील त्या दिवशी मी त्याला सापडायला पायजे." नानांची जीप, नानांचा ट्रॅक्टर, मसणवट्याची जागाबी नानांच्याच शब्दावर. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "बोहाड्यात तेवढं सोंग कर. जागा दिली समज."

मला वाटलं, सौदा लय स्वस्तात पटला. माझ्याएवढा हुशार मीच.

शेजारणीनं आईला मोबाइलवर ते सगळं दाखवलं. वाईट मनानं नाय, बिचारीला वाटलं म्हातारी हसंल. मी घरी आलो तर आई कपाळाकडं बघत होती.

"लागलं का रं?"

"नाय आये. गंमत होती."

"त्यालाबी असंच केलं होतं," ती म्हणाली. "जांभळा कपडा घातला, काटे घातले, पुढ्यात गुडघे टेकून हसले. त्यालाबी लोकांनी सोंग दिलं. पण ते त्यानं मागून नव्हतं घेतलं, बाबा."

एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं सांगतो, मी प्रार्थनेला जायचो ते चहा मिळतो म्हणून. डोळे मिटले की झोप लागायची. ही काट्यांची गोष्ट पाळकांनी किती वेळा सांगितली असंल, मी घोरत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. सोंग माझा धंदा. दुसऱ्याला सोंग देऊन हसणारे कसे असतात, ते मला पाळकापेक्षा जास्त माहीत. मला वाटलं, म्हणजे तो तिरडीवर माझ्या जागी होता, अन् मी गावाबरोबर उभा राहून हसत होतो.

पुढच्या आठवड्यात पैसे संपले म्हणून आईला शेजारणीवर सोपवून नाशिकला गंगापूर रोडच्या बिल्डिंगच्या कामावर गेलो. मुकादमानं बघितल्या बघितल्या हाक मारली, "अरे, तो उठणारा येशू तूच ना? सिमेंटच्या गोणीखालून ऊठ बरं!" तो व्हिडिओ माझ्या आधी नाशिकला पोचला होता.

तिथंच फोन आला. आई गेली.

गावात आलो तर रस्त्यात माणूस नाय. कुत्रंबी भुंकलं नाय. नाना ओट्यावर बसले होते.

"नाना, जागा."

"देतो की. क्रूस लावायचा नाय. आपल्या रीतीनं जाळायचं, अन् आधी सगळ्यांपुढं म्हणायचं की चुकलो, आपल्या देवांकडं परत आलो."

"तुमी शब्द दिला होता."

"सोंगाड्याला दिलेला शब्द बी सोंगच, येड्या!"

ओट्यावर त्यांच्या मागं बसलेले हसले. माझं तोंड सवयीनं हसायला लागलं. ओठ वर गेले बी. मग ते मी खाली आणले. जलमात पहिल्यांदा.

"नाय म्हणणार," मी बोललो. आवाज चिरका निघाला. पण निघाला.

आमचा सगळा डोंगर कातळ. माती खोल फक्त भाताच्या खाचरात, अन् माझं चांगलं खाचर एकच. तिथंच खणलं. पाळक शेजारच्या गावावरून मोटारसायकलीवर आले, त्यांनीबी पहार धरली. बांधावर माणसं उभी राहिली. आईला खाली ठेवलं, माती लोटली, सागाचा क्रूस ठोकला.

मग नाना आले. हळूच बोलले, त्याचंच भ्या वाटलं. "पेरणीच्या आधी काढ हिला. नायतर आमी उकरू. अन् खड्डा तसाच ठेवू, तुझ्यासाठी."

"तुमी कशाला तरास घेता," मी म्हणालो. "तिला उठवणारा दुसरा हाय. तो उठवील तवा तुमाला विचारणार बी नाय."

माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाय, असं कधी झालं नव्हतं.

तवापासून जीपवाला मला बसवत नाय. गिरणीत माझी नागली दळत नाय. काल खाचराच्या बांधावर कुणी तरी नवी कुदळ ठेवून गेलंय. कुणाची ते मी विचारलं नाय. कशासाठी ते मला माहीत हाय.

भ्या वाटतं. खोटं कशाला बोलू, रात्री पान हललं तरी उठून बसतो. पण आई मातीत संपली नाय, हे आता मी मानतो. चहासाठी नाय. अन् तिचं मरण जर हरलेलं असंल तर नानांना किती भ्यायचं, त्याला बी हद्द हाय.

पाऊस लागला की बाकीचे तुकडे लावीन. तिच्या खाचरात नांगर जाणार नाय. ज्याला उकरायचं त्यानं दिवसा यावं, तोंड न झाकता यावं. मी तिथंच बसलेला असंन. कुणी मला ऊठ म्हणालं तर या खेपेला मी उठणार नाय.