विहिरीतला महाल

हदगावच्या तहसील कचेरीतले पेशकार माझे शेजारी होते. दर वाक्याआधी ते "यानी की" म्हणत आणि रुमी टोपी सरळ करत.

एका कुणब्याची विहीर खणताना सहा बाजूंचे काळे दगडी खांब एकमेकांना खेटून उभे दिसले. पेशकारांनी गावभर सांगितलं, "यानी की, हा राजाचा महाल. शोध माझा!" नांदेडहून मोठे साहेब बघायला आले, तेव्हा ते नवी शेरवानी घालून हजर होते.

कुणब्याने त्यांना हळूच विचारलं, "पेशकारसाब, म्हाल निघाला तर माझं वावर ऱ्हाईल का?"

"न्हाई. सरकारात जमा."

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "किसका महल है?"

पेशकारांनी टोपी काढून हातात घेतली. "किसीका नहीं, हुजूर. पत्थरच ऐसा उगता."

साहेब हसले, बरोबरचे लोक तर खिदळलेच.

परतताना पेशकार मला म्हणाले, "यानी की, महालच आहे तो. पण खोटं बोलावं लागलं."

धरणीतला तापलेला लाव्हारस थिजताना असे खांब होतात, हे मी वाचलं होतं. पण ते साहेबांशी खोटं नव्हे, खरंच बोलले होते, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.